पाच मैल

वर्धा स्टेशनबाहेर एका ऑटोवाल्या दादांना सेवाग्रामचा रस्ता विचारला, तर उत्तर देण्याआधीच त्यांनी माझी सॅक उचलून मागच्या सीटवर ठेवली. "पायी जायचंय," असं सांगितल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग आभाळाकडे पाहिलं. "कायले पायी जाता ताई? आठ किलोमीटर आहे. ऊन चढून राहिलं." मी काही ऐकणार नाही हे दिसल्यावर त्यांनी सॅक परत दिली, समोरच्या पोह्यांच्या गाडीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "मंग काही खाऊन तं घ्या."

गाडीवर तर्री पोहे होते. गरम पोह्यांवर चण्याचा लालभडक, झणझणीत रस्सा. पोहेवाल्या काकांनी विचारलं, "सांबार टाकू?" रस्सा तर आधीच ओतला होता, आता त्यावर सांबार कशाला? मी नको म्हटलं. शेजारच्या माणसाच्या ताटलीत मात्र त्यांनी मूठभर हिरवीगार चिरलेली कोथिंबीर भुरभुरवली. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. काकांना माझा गोंधळ सांगितला तसं तेही हसले आणि माझ्या पोह्यांवर दुप्पट सांबार आलं. साडेसातशे किलोमीटर रेल्वेनं आल्यावर भाषा तीच होती, पण शब्दांच्या जागा बदलल्या होत्या.

गंमत म्हणजे या प्रवासाची सुरुवात कोथिंबिरीपासूनच झाली होती. मी मुलुंडला राहते, ऐरोलीला नोकरी करते. दिवसभर स्क्रीनसमोर बसायचं, निघताना फोनवरून दूध, भाजी, कांदे मागवायचे. मी सोसायटीच्या फाटकाशी पोचेपर्यंत पिशवी दारात आलेली असते. या सोयीबद्दल माझी तक्रार नाही, तिच्यावाचून माझ्या दिवसाची घडी बसणार नाही. पण गेल्या पावसाळ्यात एका रात्री कोथिंबीर निवडताना आईनं सहज विचारलं, "कुठली गं ही?" मला सांगता येईना. मग मी स्वयंपाकघरभर नजर फिरवली. तांदूळ, तेल, गूळ, मीठ, ओट्यावरचं हात पुसायचं फडकं, यांतलं कुठून काय आलं हे मला ठाऊक नव्हतं.

त्याच सुमारास मी लॉरी बेकर यांच्याबद्दल वाचत होते. इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि पुढे केरळात साधी, देखणी, स्वस्त घरं बांधत राहिलेले हे वास्तुरचनाकार. तरुणपणी मुंबईत त्यांची गांधीजींशी गाठ पडली. आदर्श खेड्यातलं घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामानातून बांधलेलं असावं, हा गांधीजींचा विचार बेकरांनी जन्मभर जपला. दुसरीकडे वाचलं की 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी वर्ध्यातल्या मगनवाडीहून शेगाव नावाच्या खेड्यात, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला निघाले, ते पायी. अंतर साधारण पाच मैल. घराचा परीघ आणि त्या वाटेची लांबी एकच निघाली आणि तो आकडा माझ्या मनातून जाईना. जानेवारीत चार दिवसांची रजा मिळाली तशी विदर्भ एक्स्प्रेस पकडली.

ज्या लोहमार्गावरून आले, तोही कापसाच्या ओढीनंच इकडे आला. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाड-नागपूरकडच्या काळ्या मातीवर सगळ्यांची नजर वळली. 1862 मध्ये वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला, 1866 मध्ये पालकवाडीच्या जागेवर वर्धा शहर वसलं आणि 1867 मध्ये गाडी नागपूरला पोचली. हिंगणघाटच्या कापसाचं नाव तेव्हा पार विलायतेत ठाऊक होतं.

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. रत्नागिरीहून आलेला मुलगा 27 वर्षं साच्यावर उभा राहिला. 1982 च्या संपात ते सगळं सुटलं. त्यांच्या कापडातला कापूस अशाच कुठल्या तरी रानातून, याच मार्गावरून गेला असणार. आणि त्यांच्या नातीनं झाडावरचा कापूस कधी हातात धरला नव्हता.

चालायची सुरुवात मी मगनवाडीपासूनच केली. बाग आणि बंगला असलेली ही जागा वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज यांनी अखिल भारत ग्रामोद्योग संघाला दिली. 1934 च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या या संघाची धुरा जे. सी. कुमारप्पा यांनी वाहिली. लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेले, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले, मुंबईत चांगला जम बसलेले कुमारप्पा ते सगळं सोडून वर्ध्याला आले आणि तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांचा हिशेब मांडू लागले. इथल्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींनी केलं. आत चरख्यांच्या किती तरी जाती आहेत, घाणी आहे, शेतीची अवजारं आहेत. दुकानात झाडापानांच्या रंगांत रंगवलेली खादी रचून ठेवलेली होती. एका ताग्याचा फिकट गुलाबी रंग मी बराच वेळ पाहत राहिले.

तिथून निघाले तेव्हा दहा वाजले होते. शहर मागे पडेपर्यंत दुकानं, शाळकरी मुलांच्या सायकली, ऑटो यांची सोबत होती. मग रस्त्याच्या कडेची मोठी झाडं सुरू झाली. 2020 मध्ये हा रस्ता रुंद करताना त्यांतली काही जुनी झाडं पडली, तेव्हा वर्ध्याची माणसं उरलेल्या झाडांसाठी रस्त्यावर उभी राहिली. एसी डब्यातून आलेल्या मला त्या सावलीची किंमत पहिल्या किलोमीटरमध्येच कळली. जानेवारीतही अकराच्या उन्हाला धार होती. उन्हाळ्यात इथला पारा 46 अंशांच्या पुढे जातो. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी 66 वर्षांचा माणूस हा रस्ता चालला, हे वाचताना साधं वाटलं होतं. टाच तापल्यावर त्याचा अर्थ समजला.

अर्ध्या वाटेवर माझ्या उजव्या सँडलचा तळ सुटला. तीन पावलं फटफट वाजला आणि पुढच्या अर्ध्या भागापर्यंत उघडला. ओढणीच्या काठाची चिंधी काढून बांधून पाहिली, ती पन्नास पावलं टिकली. मग सँडल हातात घेऊन मी रस्ता सोडला आणि बांधाच्या कडेनं मऊ मातीतून चालू लागले. माती काळी, भुसभुशीत, कोरडी पडल्यानं भेगाळलेली. पायांना ती उन्हातही आतून गार लागत होती.

त्या बांधापलीकडे कापूस होता. शेवटची वेचणी चालली होती. पाच-सहा बाया पऱ्हाटीच्या ओळींमधून वाकून पुढे सरकत होत्या. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड, हा शब्द त्यांच्याच तोंडून ऐकला. कमरेला बांधलेल्या कापडाच्या ओटीत दोन्ही हातांनी कापूस पडत होता. डावा हात एका बोंडावर, उजवा दुसऱ्यावर. वेग असा की नजर पुरत नव्हती. एका मावशींनी माझ्या हातातला सँडल पाहून हाक दिली, "काय झालं बाप्पा? ये इकडे, सावलीत बस."

कडुनिंबाखाली मडकं होतं. पाणी प्यायले, गुळाचा खडा मिळाला. मी मुंबईहून आल्याचं सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न होता, "एकटीच आली? माय म्हणत नाही का काही?" दुसरा प्रश्न, "पायी काऊन निघाली?" मी गांधीजींचं सांगितलं. मावशी म्हणाल्या, "आमी तं रोजच पायी येतो." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. माझ्या मनात मात्र ते वाक्य रुतून बसलं.

मी विचारलं, मला वेचू द्याल? त्यांनी एक फुटलेलं बोंड दाखवलं. सुकलेल्या पाकळ्यांना टोकं असतात, सुईसारखी. कापूस धरताना बोटं त्यांच्या आत जायला हवीत, वर लागली की रक्त निघतं. चार बोंडांत माझ्या तर्जनीवर दोन ओरखडे आले आणि कापसात सुक्या पानाचा चुरा मिसळला. मावशींनी तो चुरा फुंकरीनं उडवला. "कचरा आला की भाव पडते," त्या म्हणाल्या. त्यांची मजुरी किलोवर. एका किलोला किती बोंडं लागतात, ते मी मनात मोजू लागले आणि सोडून दिलं. शेत दुसऱ्याचं होतं. त्यांचंही थोडं होतं, त्यातलं पीक यंदा गुलाबी बोंडअळीनं खाल्लं. त्या हे पाऊस कमी झाला म्हणावं तितक्या शांतपणे सांगत होत्या. विदर्भातल्या कापूस उत्पादकांबद्दल मी वर्षानुवर्षं बातम्या वाचल्या आहेत, पण माझ्या समोर बसून, बोटांवरचे जुने घट्टे दाखवत कुणी बोललं नव्हतं. आजोबांच्या साच्यापर्यंत पोचणाऱ्या धाग्याचं पहिलं टोक हे असं होतं.

निघताना मावशींनी सुतळीनं माझा सँडल बांधून दिला, आडवे दोन वेढे आणि टाचेमागे गाठ. उरलेले तीन किलोमीटर ती गाठ हलली नाही.

शेगावचं नाव 1940 मध्ये सेवाग्राम झालं. बुलढाणा जिल्ह्यातलं गजानन महाराजांचं शेगाव प्रसिद्ध, त्यामुळे गांधीजींचं टपाल तिकडे जायचं; म्हणून नाव बदललं. आश्रमात शिरताना मोठं प्रवेशद्वार, पायऱ्या, असं काही नाही. झाडं, झाडलेलं अंगण आणि कौलारू घरं. पहिलं आदिनिवास, जिथे सुरुवातीला सगळे एकत्र राहिले, गांधीजी, कस्तुरबा, पाहुणे म्हणून खान अब्दुल गफारखान. शेजारी बा कुटी आणि बापू कुटी.

गांधीजींच्या आधी या गावात मीराबेन येऊन राहिल्या होत्या. मॅडलीन स्लेड, ब्रिटिश नौदलातल्या अ‍ॅडमिरलची मुलगी. लंडनच्या घरातून 1925 मध्ये साबरमतीला आली, तेव्हा तेहतीस वर्षांची होत आली होती. म्हणजे आजच्या माझ्याहून थोडीच मोठी. आज जिला बापू कुटी म्हणतात ती आधी मीराबेनचीच झोपडी होती. घरासाठी शंभर रुपयांच्या वर खर्च करू नये आणि सामान व मजूर इथलेच असावेत, अशी गांधीजींची अट होती. भिंती मातीच्या, आतून बांबू, वर कौलं, खाली शेणानं सारवलेली जमीन. भिंतीवर मीराबेननं मातीतच उठाव देऊन ताडाची झाडं आणि चरखा काढला आहे. मी ज्या मातीतून अनवाणी आले होते, ती माती भिंत होऊन माझ्यापुढे उभी होती. पाच मैलांचा आकडा तोवर डोक्यात होता. त्या भिंतीवर हात ठेवल्यावर तो तळव्याला लागला.

आत वस्तू मोजक्याच. बसायची गादी, लिहायचं छोटं मेज, तीन माकडं. आश्रमात साप पकडायचा लाकडी चिमटाही आहे. साप मारायचे नाहीत, धरून लांब सोडून द्यायचे. टेलिफोनही आहे, व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी बोलता यावं म्हणून बसवलेला. टेलिफोनची तार या मातीच्या घरांपर्यंत आली, तरी घरं बदलली नाहीत. 14 जुलै 1942 रोजी वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीनं इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव केला, तोही या परिसरातल्या बैठकांमधून आकाराला आला.

थोड्या अंतरावर परचुरे शास्त्रींची कुटी आहे. संस्कृतचे गाढे पंडित, त्यांना कुष्ठरोग झाला. त्या काळी अशा माणसाला गावाबाहेर जावं लागे. गांधीजींनी त्यांना आश्रमातच जागा दिली आणि रोज स्वतःच्या हातांनी त्यांच्या जखमा धुतल्या, मालिश केली. बापू कुटीपासून तिथवर मी पावलं मोजायला लागले आणि मधेच थांबले. वर्धा ते शेगाव कुणीही चालू शकेल. ही थोडी पावलं रोज चालायला कितीजण तयार झाले असते?

मुक्काम समोरच्या यात्री निवासात होता. संध्याकाळी आकाशाखाली, 1936 मध्ये गांधीजींनी लावलेल्या पिंपळाजवळ सर्वधर्म प्रार्थना झाली. त्याआधी एका ताईंनी मला पेटीचरखा शिकवला. डाव्या चिमटीत पेळू धरायचा, उजव्या हातानं चाक फिरवायचं, चातीच्या टोकापासून हात हळूहळू मागे न्यायचा. ओढलं की तुटतं, रेंगाळलं की गाठ होते. पहिल्या अर्ध्या तासात सूत चौदा वेळा तुटलं. ताई प्रत्येक वेळी तुटकं टोक पेळूला लावून, बोटांनी पीळ देऊन जोडत होत्या. "घाई हातात असते, चरख्यात नसते," एवढंच म्हणाल्या. नंतर कधी तरी हात आपोआप मागे गेला, खांद्यापर्यंत, आणि मधे एक सलग धागा ताणलेला राहिला. जाडाभरडा, कुठे फुगलेला, कुठे केसासारखा. सकाळी बोटाला बोंडाचं टोक लागलं होतं, संध्याकाळी त्याच बोटावरून सूत निघालं. आजोबांनी बत्तीस मीटर, चाळीस मीटर असा हिशेब आयुष्यभर केला. त्यांना माझा हा हातभर धागा दाखवायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मोचीकाकांनी सँडल शिवून दिला आणि मी पवनारला गेले, वर्ध्याहून नागपूर रस्त्यानं जवळपास तेवढंच अंतर. धाम नदीत काळे खडक आहेत, जानेवारीचं थोडंसं पाणी त्यांच्यामधून वाट काढत होतं. 1948 मध्ये गांधीजींच्या अस्थी इथे विसर्जित झाल्या. काठावर परमधाम आश्रम. 1938 मध्ये विनोबा भावे इथे राहायला आले आणि 1959 मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. शेती, स्वयंपाक, झाडलोट, लेखन, सगळं तिथल्या बहिणी मिळून करतात. 1951 मध्ये विनोबा वर्ध्याहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला चालत निघाले, पुढे पोचमपल्लीला भूदान सुरू झालं आणि ती चाल तेरा वर्षं चालली. पाच मैलांची सवय असलेल्यालाच देश पायाखाली घालता येतो, असं खडकावर बसून मला वाटलं.

परतताना वर्ध्यात गोरसपाक घेतला. गाईचं तूप, दूध, कणीक, साखर. बोटांत धरला की कडा विरघळायला लागते. जमनालालजींनी शेवटच्या दिवसांत वर्ध्याजवळच्या गोपुरीला झोपडीत राहून गोसेवा केली, फेब्रुवारी 1942 मध्ये ते गेले. आर्वीकडची पांढरी, उंच गवळाऊ गाय याच जिल्ह्याची. खोका हातात घेतला तेव्हा पहिल्यांदाच एखाद्या खाऊबद्दल मला सांगता येत होतं की हा कुठला.

घरी आल्यावर नकाशा उघडला आणि मुलुंडभोवती पाच मैलांचं वर्तुळ काढलं. एका बाजूला येऊरचे डोंगर आले, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी. मधे भांडुपची मिठागरं. हायवेवरून रोज जाते, बसच्या खिडकीतून मातीच्या बांधांनी आखलेले चौकोन आणि त्यांत थांबलेलं आभाळ दिसतं. कधी उतरले नव्हते. 12 मार्च 1930 रोजी गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले, ते स्वराज्य मिळाल्याशिवाय आश्रमात परतायचं नाही असं ठरवून. परतले नाहीत, म्हणूनच वर्धा आणि शेगाव घडलं. आणि त्या वर्षी मिठासाठी मुंबईकरांनी वडाळ्याच्या मिठागरांवर लाठ्या खाल्ल्या. माझ्या पाच मैलांत तेच मीठ होतं.

रविवारी सकाळी आईला घेऊन चालत गेले. आत जाता येत नाही. कडेला उभ्या राहिलो. दूर पाण्यात बगळे होते. पायाशी सुकलेल्या चिखलावर पांढरी खपली धरली होती. आईनं बोट टेकवून जिभेला लावलं आणि मान हलवली.

घरी येऊन तिनं फडताळातलं मिठाचं पाकीट काढलं, चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. गुजरातचं होतं. तिनं पाकीट जागेवर ठेवलं, नळ सोडून तांब्या भरला आणि मला विचारलं, "आणि हे पाणी कुठलं गं?"

मी नकाशा पुन्हा उघडला.